मिनिटाला अकराशे

चाळीस डिग्रीला सहाशे,
पन्नासला आठशे,
सत्तरच्या पुढं गेला की सोडून द्यायचा मोकळा,
पळू दे बावीसशेनं, बोंबलू दे.
राजारामपुरीत जिनपाल मगदूमनं
बिलाच्या पाठीवर हा चढ काढून दिला.
पेन खिशाला लावत म्हणाला,
जीव प्रोसेसरचा जपायचा, ताई, पंख्याचा नव्हे.
पंखा साडेचारशेला मिळतो.

आमची दीड खोली उद्यमनगरच्या मागल्या अंगाला.
पत्र्याखाली मे महिना,
टेबलाखाली मशीन
आणि मशीनला लागून आप्पांची खाट,
दुसरीकडं कुठं बसतच नाही ती.
रात्री मी पंपाची केसिंगं काढते,
फ्लँज, भोकं, भिंतीची जाडी.
फाईल सकाळी नऊला पार्टीला हवी असते.
शेवटी सगळं फिरवून बघायला लागले की
पंखा असा सुटायचा
की वरच्या फळीवरचे डबे थरथरायचे
आणि आप्पा कूस बदलायचे.
तीन आठवडे मी हेच धरून बसले होते,
की म्हाताऱ्याची झोप हाच खातोय.

झाकण उघडलं तर पात्यांवर काळी साय.
फ्रिजवरचं चुंबक फिरवलं,
निम्मी साय चिकटून वर आली.
शेजारच्या फौंड्रीचं लोखंड,
खिडकीतून गुपचूप येऊन बसलेलं.
रंगाच्या जुन्या ब्रशनं झाडलं,
वाळलेली पेस्ट खरवडली,
नवी लावली, तांदळाच्या दाण्याएवढी,
आणि बिल समोर धरून
एकेक आकडा भरला.

पंखा बसला.
बसला म्हणजे इतका,
की नळाखालच्या बादलीत पडणारा थेंब ऐकू आला.
एकोणपन्नास डिग्री, आठशेच्या जरा आत.
मला वाटलं, कुणाला तरी उठवून दाखवावं.

आप्पा, म्हणजे हिंदुराव मुळीक,
एकतीस वर्षं भट्टीवर.
त्यांच्या हाती आकडा कधी नव्हता.
निळ्या काचेतून आत बघायचे
आणि म्हणायचे, अजून न्हाई, पिवळंच हाय.
पोरं पळी घेऊन थांबायची.
ब्लोअरनं त्यांचा उजवा कान नेला,
डावा अर्धा ठेवला.
झोपतात तो अर्धा वर करून.

दीडला ते उठून बसले.
"ब्लोअर का थांबला गं?"
कुठला ब्लोअर, आप्पा. झोपा.
"गोठंल की सगळं आत. बघून ये जा."
आणि पाय खाटेखाली बूट शोधायला लागले,
जे आठ वर्षांपूर्वी
गेटवर जमा करून आलेत.

सांगता आलं असतं.
भट्टी पाडली, तिथं आता गाड्या धुतात,
हे मागं दोनदा सांगूनही झालंय.
मी सेटिंग उघडलं.
नऊशे. त्यांनी मान तिरकी केली.
हजार. पाय हलायचे थांबले.
अकराशे.
खांदे खाली आले,
"हां. आता बराबर," म्हणाले
आणि भिंतीकडं तोंड करून
पाच मिनिटांत घोरायला लागले.

प्रोसेसर सेहेचाळीसवर उतरला,
मग त्रेचाळीस.
ह्या वाऱ्याची त्याला काही गरज नव्हती.
जिनपालच्या चढावर
त्रेचाळीसला अकराशे असा ठिपका कुठंच नाही.
रविवारी जाऊन विचारलं तर तो म्हणेल,
ताई, बेअरिंग खलास होणार.
होईल.
साडेचारशे मी बाजूला काढून ठेवलेत,
चहाच्या डब्यात.

पहाटे चारला फाईल गेली.
काम संपलं होतं,
मशीन बंद करायला बोट बटणापर्यंत नेलंही.
मग दिवा तेवढा मालवला
आणि त्या वाऱ्याशेजारी
जमिनीवर चटई पसरली.